शहरात राहून विपश्यना: शिबिराआधीचे आणि नंतरचे प्रश्न

पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरांत राहणारे लोक विपश्यनेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. शिबिराला जायच्या तयारीचे प्रश्न आधी आणि घरी परतल्यानंतरचे शेवटी घेतले आहेत. तुमचे शिबिर झाले असेल, तर थेट ‘घरी आल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास’ या प्रश्नापासून वाचायला हरकत नाही. शहरातल्या केंद्राचा खरा उपयोग तिथूनच सुरू होतो.

विपश्यनेच्या शिबिरात नेमके काय शिकवतात?

दोन गोष्टी शिकवतात. पहिले साडेतीन दिवस आनापान असते. त्यात नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या नैसर्गिक श्वासाकडे फक्त लक्ष ठेवायचे. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही आणि त्याला कोणताही मंत्र जोडायचा नाही. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते. डोक्यापासून पायांपर्यंत एकेका भागावर लक्ष नेत जायचे, तिथे जी संवेदना असेल ती जाणायची आणि ती हवीशी किंवा नकोशी वाटली तरी प्रतिक्रिया न देता पुढे सरकायचे. दहाव्या दिवशी मंगल मैत्रीची, म्हणजे सर्वांचे भले होवो अशी भावना करण्याची, साधना शिकवून मौन संपते.

ही पद्धत ब्रह्मदेशातल्या सयाजी ऊ बा खिन यांच्या परंपरेतली आहे. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका यांनी भारतातले पहिले शिबिर 1969 च्या जुलैमध्ये मुंबईत घेतले. गोयंका 2013 मध्ये गेले. आज सगळ्या केंद्रांवर त्यांच्याच ध्वनिमुद्रित सूचना ऐकवतात आणि प्रश्नांची उत्तरे द्यायला सहायक आचार्य समोर असतात.

शहरातल्या केंद्रात शिबिर करू की इगतपुरीला जाऊ?

शिकवण, वेळापत्रक आणि नियम सगळीकडे एकच आहेत. इगतपुरीला करून जास्त पुण्य किंवा जास्त फळ मिळते, असे काही नाही. फरक परिसराचा आहे. इगतपुरीचे धम्मगिरी किंवा आळंदीजवळ मरकळचे धम्मानंद इथे मोकळी जागा आहे, फिरायला वाटा आहेत. पुण्यात स्वारगेटजवळच्या दादावाडीतले धम्मपुण्ण किंवा नवी मुंबईत बेलापूरचे धम्मविपुल ही शहरातली केंद्रे. तिथे जागा आटोपशीर असते आणि बाहेरचा आवाज कानांवर येतो.

आमचे मत असे: पहिले शिबिर शक्यतो गावाबाहेर करा. रिक्षाचा हॉर्न ऐकला की घर वीस मिनिटांवर आहे हे आठवते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती आठवण जड जाते. पण रजा, तब्येत किंवा प्रवास यांमुळे शहरातलेच केंद्र जमत असेल, तर त्यासाठी वर्षभर थांबू नका. शहरातले केंद्र खरे कधी उपयोगी पडते, ते ‘सामूहिक साधना’ या प्रश्नात पाहा.

दहा दिवसांचे शिबिर आहे, मग रजा किती टाकायची?

सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. ‘दहा दिवसांचे’ शिबिर प्रत्यक्षात तारखांनी बारा दिवस व्यापते. पोहोचण्याचा दिवस शून्य धरतात. त्या दुपारी नोंदणी, संध्याकाळी हलका आहार, मग नियमांची माहिती आणि रात्री मौन सुरू. त्यानंतर पूर्ण दहा दिवस, आणि अकराव्या दिवशी सकाळी साधारण साडेसातच्या सुमारास सुटका.

बुधवारी सुरू झालेले शिबिर पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी संपते. शनिवार-रविवार सुट्टी असलेल्यांना यासाठी आठ कामाचे दिवस रजा लागते. सोमवारी सकाळी महत्त्वाची मीटिंग ठेवू नका. दहा दिवसांच्या शांततेनंतर लोकल, फोन आणि तुंबलेले ईमेल एकदम अंगावर घेणे त्रासाचे होते. एक दिवस जादा मिळाला तर घ्याच.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी विपश्यना शिबिराच्या रजेची तरतूद आहे. किती वर्षांतून एकदा आणि कोणत्या अटींवर, ते आपल्या आस्थापना शाखेत विचारा. केंद्राकडून आलेले प्रवेशाचे पत्र रजेच्या अर्जाला जोडा आणि निघताना कार्यालयातून उपस्थितीचे प्रमाणपत्र मागून घ्या.

मला एवढी रजा मिळत नाही. तीन दिवसांचे किंवा शनिवार-रविवारचे शिबिर नाही का?

नवीन साधकासाठी नाही. एक, दोन किंवा तीन दिवसांची शिबिरे असतात, पण ती दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केलेल्यांसाठी. कारण साधे आहे. मन जरा स्थिरावायला तीन दिवस लागतात आणि मुख्य विद्या चौथ्या दिवशी सुरू होते. तिसऱ्या दिवशी उठून घरी आलेला माणूस फक्त अवघड भाग भोगून आलेला असतो.

नुसती ओळख हवी असेल तर गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडात आनापानाचे छोटे सत्र कोणालाही करता येते. एकही खांब नसलेल्या त्या घुमटाखाली आठ हजार माणसे बसू शकतात. आनापानाने श्वासाची ओळख होते, विपश्यनेची मात्र होत नाही.

फी किती? नंतर काही मागतात का?

शिकवण, राहणे आणि जेवण, कशाचीच फी नाही. खर्च आधीच्या साधकांच्या दानातून चालतो. ज्याने एकही शिबिर पूर्ण केलेले नाही, त्याच्याकडून दान घेतच नाहीत. शिबिर संपताना ज्याला द्यावेसे वाटेल तो देतो, न देणाऱ्याला कोणी विचारत नाही. आचार्य मानधन घेत नाहीत आणि स्वयंपाकघरात, कार्यालयात दिसणारे धम्मसेवक स्वेच्छेने आलेले साधक असतात. ‘प्रवेश पक्का करून देतो, एवढे पैसे पाठवा’ असा फोन आला तर तो केंद्राचा नाही.

अर्ज कसा करायचा? माझा अर्ज दोनदा प्रतीक्षायादीत गेला.

धम्म डॉट ओआरजी या संकेतस्थळावर केंद्र आणि तारीख निवडून अर्ज भरतात. त्याआधी अनुशासन संहिता पूर्ण वाचा. तीन-चार पाने आहेत आणि तिथे येणाऱ्या निम्म्या अडचणी ती न वाचल्यामुळे येतात. अर्जात आजार, सुरू असलेली औषधे, पूर्वी केलेल्या साधना, व्यसने यांबद्दल विचारतात. खरे लिहा. काही लपवून प्रवेश मिळाला तरी पाचव्या दिवशी ते बाहेर येते आणि तेव्हा मदत करणे कठीण होते.

मे महिना, दिवाळी आणि डिसेंबरअखेर या शिबिरांना गर्दी असते. प्रतीक्षायादी टाळायची तर भर पावसाळ्यातली किंवा परीक्षांच्या दिवसांतली तारीख बघा आणि पहिल्या पसंतीचे केंद्र सोडून धुळे, कोल्हापूर, मनमाड, नागपूर अशी इतर केंद्रेही तपासा. शिबिर जवळ आले की येणे नक्की असल्याचे केंद्र पुन्हा विचारते. त्या संदेशाला उत्तर दिले नाही तर जागा दुसऱ्याला जाते. अनेकांची जागा अशीच हुकते. जमणार नसेल तर वेळेवर रद्द करा, प्रतीक्षायादीतल्या कोणाला तरी ती हवी असते.

सोबत काय न्यायचे?

सैल, अंग झाकणारे, साधे कपडे सहा-सात जोड. हाफ पँट, बिनबाह्यांचे किंवा घट्ट कपडे चालत नाहीत. पातळ शाल पहाटेच्या बैठकीला लागते. गजराचे घड्याळ न्या, कारण मोबाइल पहिल्याच दिवशी कार्यालयात जमा होतो. बिनवासाचा साबण, टॉर्च, सहज काढता-घालता येणाऱ्या चपला, आधार कार्ड आणि बारा दिवस पुरतील एवढी औषधे. चादर-अभ्रा न्यायचा की नाही, ते प्रवेशाच्या पत्रात असते. जून ते सप्टेंबर इगतपुरीला जाणाऱ्यांनी छत्री आणि कपड्यांचे दोन जोड जास्त न्यावेत, तिथल्या पावसात धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत.

पुस्तक, वही, पेन, जपमाळ, ताईत, खाण्याचे डबे घरी ठेवा.

दिवसभराचे वेळापत्रक काय असते?

पहाटे 4 ला घंटा. 4:30 ते 6:30 साधना, मग नाश्ता. 8 ते 9, 2:30 ते 3:30 आणि 6 ते 7 या तीन सामूहिक बैठका, त्या हॉलमध्येच करायच्या. बाकीच्या वेळी सूचनेनुसार हॉलमध्ये किंवा खोलीत. 11 ला जेवण, 12 ते 1 या वेळात आचार्यांना एकट्याने भेटता येते. 5 ला चहा. 7 वाजता प्रवचन, साधारण सव्वा तास. साडेनऊला दिवे बंद. प्रवचने हिंदी-इंग्रजीत आहेत आणि मराठी अनुवादही ऐकता येतो. त्यासाठी अर्जात भाषा नीट निवडा.

प्रवचन चुकवू नका. दिवसभर जे खटकले, त्याचा उलगडा बहुधा तिथे होतो.

रात्री जेवण नसते म्हणे. मला मधुमेह आहे, जमेल का?

नवीन साधकांना संध्याकाळी 5 ला चहा किंवा दूध, फळ आणि कुरमुऱ्यांसारखे हलके काही मिळते. जुने साधक, म्हणजे आधी शिबिर पूर्ण केलेले, अष्टशील (आठ नियम, त्यांत दुपारनंतर न जेवणे) पाळतात, त्यांना फक्त लिंबूपाणी. मधुमेही, गरोदर किंवा ठरावीक वेळी खाऊन औषध घ्यावे लागणाऱ्यांनी हे अर्जात लिहावे आणि पोहोचल्यावर कार्यालयात पुन्हा सांगावे. त्यांच्यासाठी सोय करतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना सांगा की सकाळी अकराचे जेवण हेच दिवसातले मुख्य जेवण असेल. त्यानुसार मात्रा बदलावी लागू शकते. स्वतःच्या मनाने बदलू नका.

मला मांडी घालून दहा मिनिटेही बसता येत नाही.

मांडी हीच अट नाही. पाठ आणि मान सरळ राहील असे कोणतेही आसन चालते. गुडघे, कंबर किंवा वय यांमुळे खुर्ची लागत असेल तर सांगा, मिळते.

जमिनीवर बसणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे दुखले की आणखी एक उशी. तिसऱ्या दिवशी काही जण पाच उश्यांवर डगमगत असतात. उंच आणि मऊ बैठकीवर शरीर तोल सांभाळण्यात थकते आणि पाठ उलट जास्त दुखते. हे करून पाहा: बसक्याखाली एकच घट्ट उशी, इतकी उंच की गुडघे नितंबांपेक्षा खाली यावेत. गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली घडी केलेला टॉवेल. घोटा टोचत असेल तर तिथे पातळ घडी. बैठक ठरली की दोन-तीन दिवस तीच ठेवा.

चौथ्या दिवसानंतर तीन सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या असतात. तासभर हात-पाय न हलवण्याचा आणि डोळे न उघडण्याचा प्रयत्न करायचा. प्रयत्न हा शब्द महत्त्वाचा आहे. असह्य झाले तर पाय बदला आणि पुन्हा बसा. जुनी दुखापत असलेल्या गुडघ्यावर हट्ट करणे ही साधना नव्हे.

जायच्या महिनाभर आधी घरी रोज वीस मिनिटे जमिनीवर बसायची सवय करा. एवढ्यानेही पहिले तीन दिवस बरेच सुसह्य होतात.

घरी आई आजारी असते. दहा दिवस फोन नाही म्हणजे काय करायचे?

घरच्यांना केंद्राच्या कार्यालयाचा नंबर द्या आणि तुमचे पूर्ण नाव, शिबिराची तारीख लिहून ठेवायला सांगा. खरी तातडी असेल तर निरोप तुमच्यापर्यंत पोहोचतो. तातडी म्हणजे काय, हे मात्र निघण्याआधी घरी ठरवा. गॅस सिलिंडर संपला ही तातडी नाही. आईचे ऑपरेशन ठरलेले असेल, तर शिबिरच पुढे ढकला. जीव घरात अडकलेला असताना बसून फायदा होत नाही.

आर्य मौन म्हणजे बोलणे, खुणा, नजरानजर, चिठ्ठ्या सगळे बंद. पण आचार्यांशी साधनेबद्दल आणि व्यवस्थापकांशी गैरसोयीबद्दल बोलता येते. ‘मौन आहे’ म्हणून ताप अंगावर काढू नका.

नैराश्याच्या गोळ्या सुरू आहेत. शिबिराने त्या सुटतील का?

या अपेक्षेने येऊ नका. औषध शिबिराआधी किंवा शिबिरात स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे. आधी तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोला, मग अर्जात औषधांची नावे आणि मात्रा लिहा. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, अलीकडचा तीव्र झटका किंवा आत्महत्येचे विचार असतील तर रोज दहा तासांची साधना मन आणखी अस्थिर करू शकते. अशा वेळी नकार येतो तो तुमच्या काळजीपोटी. साधा ताण, झोपेची कुरबुर, शोक यांसाठी अडचण नसते, तरीही अर्जात लिहाच.

हा बौद्ध धर्माचा प्रचार आहे का? आमच्याकडे देवपूजा आहे, मी माळकरी आहे.

पद्धत बुद्धांची आहे आणि ते कोणी लपवत नाही. सुरुवातीला पालीत त्रिशरण आणि शील घेतले जाते. धर्मांतर होत नाही. महाराष्ट्रातल्या हॉलमध्ये आंबेडकरी बौद्ध, वारकरी, जैन, मुस्लिम, ख्रिस्ती आणि काहीच न मानणारे शेजारी शेजारी बसलेले असतात.

दहा दिवस मात्र पूजा, जप, हरिपाठ, उदबत्ती, उपवास पूर्ण थांबवायचे. नामाचा आधार घेतला की मन लवकर शांत होते, पण मग शरीरातल्या संवेदना निरखण्याचे काम बाजूला राहते. एवढ्यासाठीच हा नियम आहे. शिबिराच्या काळात एकादशी येत असेल आणि ती मोडायची नसेल, तर पंचांग पाहून दुसरी तारीख घ्या. साधारण पंधरा दिवसांनी एकादशी येते, त्यामुळे दोन एकादश्यांच्या मधली तारीख शोधावी लागेल. गळ्यातली तुळशीची माळ काढणे शक्य नसेल तर अर्जात तसे लिहा आणि निघण्याआधी केंद्राशी बोलून घ्या.

पाळी आली तर?

काहीच फरक पडत नाही. हॉलमध्ये बसायचे, जेवायचे, सगळे नेहमीसारखे. पॅड सोबत न्या. पोट दुखत असेल तर महिला व्यवस्थापिकांना सांगा.

नवरा-बायको एकत्र जाऊ शकतो का?

एकाच शिबिराला जाता येते, पण राहणे, जेवण, फिरण्याची जागा वेगळी आणि हॉलमध्येही बाजू वेगळ्या. एकमेकांकडे बघून ‘कसे चालले आहे’ विचारण्याची ओढ फार असते. घरी लहान मुले असतील तर आळीपाळीने जाणे सोपे. मुलांसाठी शहरातल्या केंद्रांवर एक दिवसाची आनापान शिबिरे होतात आणि किशोरवयीनांसाठी सात दिवसांचे वेगळे शिबिर असते.

मधेच सोडून आलो तर?

दुसरा आणि सहावा दिवस अनेकांना जड जातो. निघावेसे वाटले तर आधी आचार्यांना भेटा, त्या दिवसाची अखेरची बैठक होऊ द्या आणि सकाळी पुन्हा विचार करा. बहुतेकांचा निश्चय रात्रीतून बदलतो. तरीही निघावे लागले, तर ते शिबिर पूर्ण धरले जात नाही. एक दिवसाच्या शिबिराला किंवा सामूहिक साधनेला बसण्यासाठी दहा दिवस पुन्हा पूर्ण करावे लागतात. पुढच्या अर्जात मागचे शिबिर का सोडले, ते लिहा.

मला काहीच संवेदना जाणवत नव्हत्या. माझे चुकले का?

कपड्याचा स्पर्श, घाम, उष्णता, खाज, जडपणा, मुंग्या, या सगळ्या संवेदनाच आहेत. लोक ‘करंट’ येण्याची वाट बघतात आणि समोरची खाज मोजतच नाहीत. एखादा भाग बधिर वाटला तर तिथे मिनिटभर शांतपणे थांबा आणि पुढे जा. सगळेच बोथट वाटले तर थोडा वेळ आनापान करा, मग पुन्हा सुरू करा.

याच्या उलट, अंगभर सुखद प्रवाह आला म्हणजे साधना ‘लागली’ असेही नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रवाह शोधत बसणे ही अधिक मोठी अडचण आहे. बैठक कशी झाली हे ठरवायचे असेल तर जे आले त्याला किती समतेने पाहिले, एवढेच तपासा.

घरी आल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास सांगितला आहे. नोकरी आणि लोकल सांभाळून कसे जमणार?

इथेच बहुतेकांची साधना तुटते, आणि ती एका ठरावीक पद्धतीने तुटते. पहिला आठवडा उत्साहाने दोन तास. मग एक दिवस उशीर होतो आणि संध्याकाळ चुकते. ‘उद्या भरून काढू’ म्हणत तीन दिवस जातात. महिनाभरात आसन कपाटावर जाते.

शिकवण दोन तासांचीच आहे. पण जो दोन तासांच्या हट्टापायी शून्यावर येतो, त्याने सकाळचा तास पक्का धरावा. सकाळी फोन हातात घेण्याआधी बसा, एवढा एकच नियम पुरेसा परिणाम करतो. घरात जागा ठरवा, एक कोपरा, एक आसन, पंखा. वन बीएचकेमध्ये माणसे उठायच्या आधीची वेळच खरी आपली. घरच्यांना वेळ सांगून ठेवा, म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांवरून कुरबुर होत नाही. बसल्यावर मन फार सैरभैर असेल तर पहिली वीस मिनिटे आनापान, मग विपश्यना, शेवटची पाच मिनिटे मैत्री.

संध्याकाळचा तास घरी पोहोचल्यावर लगेच, जेवणाआधी. जेवून बसलात तर झोप येणारच. रात्री अंथरुणावर पाच मिनिटे आणि सकाळी जाग आल्यावर पाच मिनिटे पडल्या पडल्या संवेदना पाहायच्या. लोकलमध्ये डोळे मिटून आनापान करता येते, पण ते रोजच्या तासात मोजू नका. गाडी चालवताना डोळे उघडे, लक्ष रस्त्यावर.

आठवडाभर खंड पडला असेल तर भरपाई करू नका. उद्या सकाळचा एक तास बसा आणि येणाऱ्या रविवारी केंद्रावर जा.

सामूहिक साधना म्हणजे काय? शिबिर दुसऱ्या गावी केले असले तरी चालते का?

चालते. कोणत्याही केंद्रावर या परंपरेतले दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केले असेल तर कुठल्याही शहरातल्या सामूहिक साधनेला बसता येते. एक तासाची बैठक, बहुधा आठवड्यातून एकदा, नावनोंदणीशिवाय किंवा साध्या नोंदीवर. वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचा, फोन पूर्ण बंद करा, बैठक सुरू झाल्यावर आत शिरू नका. केंद्र लांब असेल तर अनेक उपनगरांत साधकांच्या घरी किंवा हॉलमध्ये बैठका होतात. पत्ते जवळच्या केंद्राच्या कार्यालयातून मिळतात.

एक दिवसाचे शिबिर साधारण सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत असते. महिन्यातून एक केले तर घरची साधना टिकते. शहरातले केंद्र ज्यांना जवळ आहे, त्यांनी ही संधी घ्यावी असे आम्हाला मनापासून वाटते. मरकळला किंवा इगतपुरीला दर आठवड्याला जाणे कोणालाच जमत नाही, स्वारगेटला जमते.

योगासने, जिम, दुसरे ध्यान सुरू ठेवू का?

शिबिरात व्यायाम म्हणून फक्त चालणे. घरी आल्यावर आसने, पळणे, जिम सगळे करा. प्राणायाम वेगळ्या वेळी करा, बैठकीत श्वास नैसर्गिकच ठेवा. मंत्रध्यान किंवा रेकीसारख्या पद्धती विपश्यनेत मिसळू नका. दोन्हींपैकी एक ठरवा. रेकी किंवा ऊर्जा-उपचार नियमित करणाऱ्यांना शिबिराच्या प्रवेशातच अडचण येते, तेव्हा अर्जाआधी केंद्राशी बोला.

एक शिबिर झाले, आता लगेच वीस दिवसांचे करू का?

तसा प्रवेश मिळत नाही. पुढचा टप्पा सतिपट्ठानाचे (बुद्धांच्या सतिपट्ठान सुत्तावरचे) शिबिर, त्यासाठी दहा दिवसांची तीन शिबिरे आणि वर्षभराची रोजची साधना लागते. वीस दिवसांसाठी दहा दिवसांची पाच शिबिरे, एक सतिपट्ठान, एका शिबिराची सेवा आणि दोन वर्षांची नियमित साधना. पंचशील पाळणेही त्यात आले. वर्षातून एक दहा दिवसांचे शिबिर ठेवा, आणि एखाद्या वर्षी बसण्याऐवजी धम्मसेवेला जा. स्वयंपाकघरात पहाटे पोळ्या लाटताना, भाजी करपली आणि शेजारचा चिडला तरी आपण काय करतो, हे तिथे लगेच कळते. सेवेचा अर्ज त्याच संकेतस्थळावर आहे. पूर्ण बारा दिवस जमत नसतील तर काही केंद्रे तीन-चार दिवसांसाठीही सेवक घेतात, तारखा कार्यालयात विचारा.